कसोटी आपल्या घरची

वाणिज्यशाखेच्या पहिल्या वर्षात जी मोजकी सूत्रे शिकवली जातात, त्यांत किंमत आणि उपयोगिता या दोन कल्पनांतील भेद हे एक महत्त्वाचे सूत्र आहे. किंमत वस्तूवर चिकटवलेली असते आणि ती सर्वांना सारखीच दिसते. उपयोगिता मात्र घरागणिक बदलते. दुकानदाराला पहिली पक्की ठाऊक असते. दुसरी ठाऊक असण्याचे त्याला काही कारण नसते. ती ग्राहकाने स्वतःच बरोबर घेऊन दुकानाची पायरी चढावी लागते. अर्थशास्त्राचे एकही पुस्तक न उघडता ज्यांनी हे सूत्र जन्मभर पाळले, अशा सांगलीच्या एका गृहिणीच्या खरेदीचा हा वृत्तान्त आहे. गल्लीतील लहानथोर त्यांना अक्का म्हणतात. येथेही तेच नाव पुरेसे आहे.

अक्का १९७६ साली लग्न होऊन सांगलीत आल्या. यजमान साखर कारखान्यात लेखनिक होते. घरात सासू-सासरे, दोन दीर आणि ठरावीक पगार. माहेरी अक्कांनी आठ वर्षे गाणे शिकले होते. सासरी त्याला कोणी विरोध केला नाही, पण उत्तेजन देण्याइतकी कोणाला उसंतही नव्हती. घरातील एकमेव संगीत म्हणजे सासऱ्यांचा रेडिओ. त्या काळी रेडिओसाठीही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि सासरे त्याचे नूतनीकरण घरपट्टीइतक्याच निष्ठेने करीत. अक्का सकाळी स्वयंपाकघरात रेडिओच्या सुरात सूर मिसळून गुणगुणत. पुढे शेजारच्या दोन मुली गाणे शिकण्यासाठी येऊ लागल्या, तेव्हा तानपुऱ्याची निकड भासली. मुलींच्या शिकवणीची फी त्यांनी तीन वर्षे वेगळ्या डब्यात साठवली आणि १९७९ साली यजमानांना घेऊन त्या मिरजेला गेल्या.

मिरज सांगलीपासून अवघ्या दहा किलोमीटरवर. तेथील सतार-तानपुऱ्यांची कीर्ती शतकाहून जुनी आहे. एकेकाळी शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील हातांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, असा या व्यवसायाचा इतिहास सांगितला जातो. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वास्तव्याने तर गावाचे नावच संगीताशी जोडले गेले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात पिकणारे मोठे कडू भोपळे, तुणीचे लाकूड आणि कारागिराचा कान या तीन गोष्टींतून मिरजेचा तानपुरा तयार होतो. २०२४ साली तेथील सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अक्का गेल्या तेव्हा हे मानांकन नव्हते. होती ती फक्त गल्लीतून ऐकू येणारी तारांची छेड.

एका कारागिराच्या दुकानात भिंतीला लावून ठेवलेली, हस्तिदंती रंगाच्या नक्षीने नटलेली तानपुऱ्यांची मोठी जोडी अक्कांच्या मनात भरली. त्यांनी किंमत विचारली. वृद्ध कारागिराने किंमत सांगितली नाही. त्याने उलट विचारले, “बाई, आधी सांगा, गाणार कोण? आणि कुठल्या पट्टीत?”

“मीच गाणार. काळी चार,” अक्का म्हणाल्या.

“मग ही जोडी तुमच्या कामाची नाही. ती पुरुषांच्या आवाजाची. दिसायला देखणी आहे, पण तुमच्या सुरापर्यंत ताणायला गेलात तर तारा तुटतील. तुम्हाला लहान भोपळ्याचा, आखूड दांडीचा तानपुरा हवा. दोन महिन्यांनी या.”

महाग वस्तू गळ्यात मारण्याची संधी समोर असताना विक्रेत्याने ती सोडून द्यावी, याचे अक्कांना नवल वाटले. निघताना त्यांनी सहज विचारले, “आणि पुढे आवाज बिघडला तर?” कारागीर म्हणाला, “तार घासून घासून घोडी झिजते, मग जवारी काढावी लागते. आणा इकडं. मी नसलो तर माझा मुलगा असेल.”

त्या दिवशी अक्कांना आयुष्यभर पुरतील असे दोन प्रश्न मिळाले. ही वस्तू आपल्या घरात नेमके कोणते काम करणार? आणि ती बिघडली तर नीट कोण करणार? पुढल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत घरात आलेली प्रत्येक मोठी वस्तू या दोन प्रश्नांच्या चाळणीतून गेली. काही चाळणीतच अडकल्या.

दूरचित्रवाणी संच हे त्याचे गमतीचे उदाहरण. १९८७च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. सासूबाई काठी टेकत शेजारी पाहायला जात. दाटीवाटीत मागे बसावे लागल्याने त्यांना काही दिसत नसे. घरात संच घ्यायचा असे ठरले. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांपासून रंगीत चित्र भारतात आले होते आणि दिरांचा ओढा अर्थातच रंगीत संचाकडे होता. घरच्या ऐपतीत बसत होता तो चौदा इंची रंगीत संच. त्याहून कमी पैशांत वीस इंची कृष्णधवल संच मिळत होता. अक्कांनी दुकानात जाण्यापूर्वी सासूबाईंच्या खाटेपासून समोरच्या भिंतीपर्यंत सुतळी धरून अंतर मोजले आणि ती सुतळी पिशवीत टाकली. दुकानात सासूबाईंना नेले, सुतळीच्या एका टोकाशी त्यांची खुर्ची ठेवली, दुसऱ्या टोकाशी आळीपाळीने दोन्ही संच लावायला सांगितले. मोतीबिंदू पिकत आलेल्या त्या माऊलीने रंगीत संचाकडे पाहून “काहीतरी हलतंय” एवढेच सांगितले. मोठ्या संचावरचे चेहरे तिने ओळखले. दीर नाराज झाले, दुकानदार हसला, पण घरी आला तो कृष्णधवल संच. पुढे शस्त्रक्रिया होऊन सासूबाईंची दृष्टी सुधारली, तेव्हा रंगीत संचही यथावकाश आला. परंतु ‘रामायण’ संपेपर्यंतचे सारे रविवार त्यांना स्वतःच्या खाटेवर बसून पाहता आले.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेताना अक्कांनी दुसरा प्रश्न आधी विचारला. त्यांच्या माहेरच्या गुरुजींचे वय झाले होते. त्यांच्या बंदिशी कॅसेटवर उतरवून घ्याव्यात असे त्यांच्या मनात होते. बाजारात त्या वेळी टू-इन-वनची रेलचेल होती; दिव्यांच्या रांगा, दोन-दोन कॅसेटचे कप्पे, चकाकणारी बटणे. अक्का दुकानात जाण्याआधी गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे गेल्या. “तुमच्याकडं कोणतं यंत्र दुरुस्तीला जास्त येतं आणि कोणत्याचे सुटे भाग लगेच मिळतात?” त्याने एक साधे, दिसायला ओबडधोबड यंत्र सुचवले. त्याच्या आतला रबरी पट्टा कोठेही मिळत असे आणि आवाज टिपणारे हेड सहज बाहेर काढून साफ करता येत असे. अक्कांनी तेच घेतले. त्यावर गुरुजींच्या बारा कॅसेट भरल्या गेल्या. गुरुजी गेले. मेकॅनिकने आपल्या हयातीत त्या यंत्राचा पट्टा तीनदा बदलला. पुढे कॅसेटचा जमाना सरला, ओळखीपाळखीच्या घरांतील चकाकणारी यंत्रे भंगारात गेली. अक्कांचे यंत्र मात्र चालू स्थितीत होते, म्हणूनच त्या बारा कॅसेट संगणकावर उतरवता आल्या. गुरुजींचा आवाज आज त्यांच्या लेकीच्या भ्रमणध्वनीत आहे. तो वाचला याचे श्रेय एका रबरी पट्ट्याला आणि तो बदलता येतो की नाही, हे आधी विचारण्याला द्यावे लागेल.

लेकीसाठी पेटी घेतानाही असाच सावध व्यवहार झाला. पेटीचा प्राण तिच्या आतल्या पितळी सुरांत असतो. गुजरातेतील पालिताणा हे आपल्यापैकी अनेकांना यात्रेचे ठिकाण म्हणून परिचित आहे. पेटीवाल्यांना ते नामांकित सुरांचे गाव म्हणून ठाऊक असते. दुकानात नवी, लखलखीत पॉलिशची पेटी होती आणि कोपऱ्यात एक जुनी, कडा झिजलेली. अक्कांनी दोन्हींची परीक्षा एकाच रीतीने केली. एकही पट्टी न दाबता भाता भरला आणि तो किती वेळाने खाली बसतो ते पाहिले. नव्या पेटीचा भाता लगेच ढिला पडला, म्हणजे हवा कोठेतरी निसटत होती. मग एकेक पट्टी हलक्या वाऱ्यावर दाबून सूर तत्काळ बोलतो की अडखळतो ते ऐकले. जुन्या पेटीत पालिताण्याचे सूर होते आणि तिचा भाता घट्ट होता. दुकानदार म्हणाला, “अक्का, पाहुण्यांसमोर ठेवायला नवीच बरी दिसेल.” अक्का म्हणाल्या, “पाहुणे येतात वर्षातून चारदा. पोरगी रोज बसणार आहे.”

स्वयंपाकघरातील वस्तूंना हीच कसोटी लागे. मिक्सर घेताना त्यांनी मोटारीच्या शक्तीचे आकडे ऐकून घेतले, पण विचारले ते भांड्याखालच्या कपलरविषयी. आत काही अडकून मोटारीवर ताण आला, तर पुष्कळदा आधी हा स्वस्त भाग तुटतो आणि महागडी मोटार बचावते. तो गावात मिळत नसेल तर मिक्सर पंधरा दिवस पडून राहतो. म्हणून मिक्सरबरोबरच त्यांनी दोन कपलर घेऊन ठेवले. आणि मिक्सर आला म्हणून खलबत्ता अडगळीत गेला नाही. शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये चटकन गरम होऊन तिचा तेलकट गोळा होतो. खलबत्त्यात कुटली की ती भरड आणि खमंग राहते. जुनी वस्तू जे काम अधिक चांगले करते, ते तिच्याकडेच ठेवावे, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

एवढी दक्षता बाळगूनही एकदा फसगतीचा प्रसंग आलाच. पूर्ण स्वयंचलित धुलाई यंत्र घ्यायचे ठरले, तेव्हा अक्कांनी दुकानात स्पष्ट सांगितले होते, “आमची पाण्याची टाकी नळापासून फार उंच नाही. पाणी मंद येतं. चालेल का?” विक्रेत्याने “बिनधास्त घ्या” असे आश्वासन दिले. अक्कांनी ते आश्वासन बिलाच्या पाठीवर लिहून मागितले आणि त्यानेही हसत हसत दोन ओळी लिहून, शिक्का मारून दिल्या. यंत्र घरी आले, आणि पाण्याचा दाब पुरेसा नसल्याने दर धुण्याला मध्येच थांबू लागले. दुकानदाराने हात वर केले. यंत्रात दोष नाही, पाण्यात आहे, असे त्याचे म्हणणे. आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही होते. प्रश्न यंत्राच्या दोषाचा नव्हता. ग्राहकाने गरज सांगितल्यावर विक्रेत्याने दिलेल्या शब्दाचा होता.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातून उभी केलेली ग्राहक चळवळ आणि त्यानंतरचा १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा यांविषयी अक्का वर्तमानपत्रातून वाचून होत्या. तक्रार करण्यासाठी वकील सक्तीचा नसतो आणि तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी साध्या कागदावर तारीखवार हकीकत लिहिली, बिलाच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत जोडली आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन ती दुकानदाराला रजिस्टर टपालाने पाठवली. मंचापर्यंत जाण्याची वेळच आली नाही. अकराव्या दिवशी दुकानाचा माणूस आला, स्वयंचलित यंत्र घेऊन गेला, अर्धस्वयंचलित ठेवून गेला आणि किमतीतील फरकही परत करून गेला. अक्कांनी त्याला चहा दिला.

आता २०१९चा नवा कायदा लागू आहे. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही द्यावे लागत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे. परंतु कायद्याला आधार लागतो तो कागदाचा. बिल, शिक्का मारलेले हमीपत्र आणि तोंडी आश्वासन लेखी करून घेण्याचा किंचित संकोचाचा तो क्षण, यांवरच पुष्कळ तक्रारी तरतात किंवा बुडतात.

हप्त्यांच्या बाबतीतही अक्का अशाच कागदावर विसंबतात. बिनव्याजी हप्ते ही जाहिरात आज सर्वत्र दिसते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वात नसते. व्याज कोठेतरी दडवलेले असते. समजा, एखादी वस्तू हप्त्याने घेतल्यास २४,००० रुपये, म्हणजे दरमहा २,००० प्रमाणे बारा हप्ते. आणि तीच वस्तू रोखीने घेतल्यास २,००० रुपये सूट. याचा अर्थ ग्राहक वस्तुतः २२,००० रुपयांचे कर्ज घेऊन २४,००० फेडत असतो. कर्ज दरमहा घटत जाते हे लक्षात घेतल्यास हा व्याजदर वार्षिक सुमारे १६ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क असल्यास आणखी वर. अक्का हा हिशेब टक्क्यांत करीत नाहीत. त्या एकच विचारतात, “आता सगळे रोख दिले तर काय घ्याल?” उत्तर हप्त्यांच्या बेरजेहून कमी आले, की दडलेले व्याज उघडे पडते.

अलीकडे करमणूक विकत घेण्याचीच रीत बदलली. वस्तू घरी येत नाही. दरमहा खात्यातून रक्कम तेवढी जाते. पुण्याच्या मुलाने आईच्या सोयीसाठी चित्रपट-मालिकांच्या तीन सेवा जोडून दिल्या. अक्कांनी दिनदर्शिकेवर तीन चिन्हे ठरवली आणि ज्या दिवशी जी सेवा पाहिली तिची खूण करू लागल्या. दोन महिन्यांत एका सेवेची एकही खूण उमटली नाही. कार्डावरून आपोआप वळती होणारी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१पासून अमलात आहे. तसा संदेश येताच अक्कांनी मुलाला दूरध्वनी केला, “ही तिसरी बंद कर. हिला आपल्या घरात काम नाही.”

या साऱ्या खरेदीत कठीण ठरली ती सर्वांत लहान वस्तू. सत्तरीच्या उंबरठ्यावर अक्कांना ऐकू कमी येऊ लागले. बोलणे अर्धवट कळे, दाराची घंटा चुके; पण खरा घाव वेगळाच होता. तानपुरा लावताना जवारीची झळाळी ऐकू येईना. तारा लागल्या की नाहीत, हे त्या विद्यार्थिनीला विचारू लागल्या. ज्या बाईने पन्नास वर्षे इतरांचे सूर दुरुस्त केले, तिने स्वतःच्या तानपुऱ्याविषयी दहा वर्षांच्या मुलीला विचारावे, ही गोष्ट त्यांना किती लागली असेल, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. शिकवणी बंद करावी, असे मात्र एकदा यजमानांजवळ बोलून दाखवले.

मुलाने चांगले डिजिटल श्रवणयंत्र घेऊन द्यायचे ठरवले. श्रवणतज्ज्ञांच्या खोलीत शब्द स्वच्छ ऐकू आले. मुलाच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. तो पैसे देण्यास पुढे झाला. अक्का म्हणाल्या, “थांब. आधी घरी नेऊन बघते.” आठवड्याच्या चाचणीसाठी यंत्र घरी आले. अक्कांनी ते कानाला लावून तानपुरा छेडला. स्वर उमटला आणि पाहता पाहता डळमळू लागला, मग मागे सरकला, जणू कोणी त्याच्यावर पांघरूण टाकले. यंत्र बिघडलेले नव्हते. अशी यंत्रे प्रामुख्याने बोलणे स्पष्ट ऐकवण्यासाठी जुळवलेली असतात. सतत एकाच उंचीवर टिकून राहणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर किंवा यंत्राची स्वतःचीच शीळ, असे समजून ती तो दाबू पाहतात. आणि तानपुऱ्याचा तर धर्मच सतत टिकून राहण्याचा!

अक्का दुसऱ्या खेपेस तानपुराच घेऊन गेल्या. रिक्षातून, मांडीवर आडवा धरून. श्रवणतज्ज्ञ तरुण होत्या. त्यांनी आपल्या खोलीत असे वाद्य कधी पाहिले नव्हते. अक्कांनी त्यांना सांगितले, “खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तो मला न डळमळता ऐकू आला पाहिजे. माझी परीक्षा एवढीच.” त्या मुलीने कुतूहलाने ऐकले आणि संगीतासाठी यंत्रात एक निराळी मांडणी करण्यास घेतली, आवाज दाबणाऱ्या सोयी तेवढ्यापुरत्या बंद केल्या, मोठ्या-लहान आवाजांतील अंतर मोकळे ठेवले. अक्का छेडत होत्या, ती संगणकावर बदल करीत होती. चौथ्या की पाचव्या प्रयत्नाला अक्कांचा हात तारांवर तसाच फिरत राहिला. त्या काही बोलल्या नाहीत. मुलीनेही काही विचारले नाही. थोड्या वेळाने अक्का म्हणाल्या, “आता पैसे घ्या. आणि हे बिघडलं तर कुणाकडं यायचं, तेही सांगून ठेवा.”

शिकवणी चालू आहे. बोलण्यासाठी एक मांडणी आणि गाण्यासाठी दुसरी. कानामागचे इवले बटण दाबले की बदलते. तानपुराही वर्षातून एकदा मिरजेला जाऊन येतो. त्या कारागिराचा मुलगाही आता म्हातारा झाला असून जवारी नातू काढतो. सनदी लेखापालाच्या भाषेत बोलायचे, तर घरातील बहुतेक साऱ्या यंत्रांचा घसारा कधीच पूर्ण होऊन त्यांचे पुस्तकी मूल्य शून्यावर आले. त्यांनी दिलेले रविवार, जपलेला आवाज आणि परत मिळालेला सूर यांना ताळेबंदात रकाना नाही.

गल्लीत कोणाकडे मोठी खरेदी निघाली की माणसे हल्ली अक्कांकडे येतात आणि कोणत्या कंपनीची घ्यावी ते विचारतात. अक्का कंपनीचे नाव कधीच सांगत नाहीत. चहा ठेवता ठेवता त्या एवढेच विचारतात, “घरी नेऊन तिचं काय करणार आहात?” काहीजण उत्तर देऊन बाजाराकडे जातात. काहीजण थोडा विचार करतात, चहा पितात आणि तसेच घरी परततात.